नवापूरचा धडा : लपवलेली मरतूक सर्वांनाच महाग

नवापूर हे नंदुरबार जिल्ह्याच्या पश्चिम टोकाचे तालुक्याचे गाव. सुरत-भुसावळ लोहमार्गावरील येथील रेल्वे स्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत येते, एवढीच बाहेरच्या माणसाला या गावाची ओळख होती. खानदेशातील आणि दक्षिण गुजरातेतील व्यापाऱ्यांना मात्र नवापूर माहीत होते ते अंड्यांसाठी. आदिवासी तालुक्यातल्या या लहानशा गावाच्या आसपास पन्नासएक पोल्ट्री फार्म उभे राहिले होते. त्यांच्या मालकांत आपल्या समाजातील कुटुंबे बरीच होती, तर शेडवर राबणारे हात बहुतांशी आसपासच्या पाड्यांवरचे होते. अंड्यांचे ट्रे भरून टेम्पो निघत आणि दोन राज्यांच्या बाजारात माल जात असे.

१८ फेब्रुवारी २००६ रोजी हे गाव एका दिवसात साऱ्या जगाच्या नकाशावर आले. भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेचा अहवाल आला आणि नवापूरच्या कोंबड्यांत एच ५ एन १ हा विषाणू सापडल्याचे सरकारने जाहीर केले. बर्ड फ्लूचा भारतातील हा पहिला शिरकाव. राज्याचे तेव्हाचे पशुसंवर्धन मंत्री अनीस अहमद यांनी या बातमीला दुजोरा दिला आणि संध्याकाळपर्यंत ती घरोघर पोहोचली.

या घटनेला आता बरीच वर्षे लोटली. तरीही आम्ही ती पुन्हा सांगत आहोत, याला कारण आहे. आमच्या या पानाचे वाचक व्यापारी आहेत, कारागीर आहेत, हातगाडीवाले आहेत. नवा रोग आला की डॉक्टर रोगाशी झुंजतो, सरकार आकड्यांशी झुंजते, पण गिऱ्हाइकाच्या मनातील भीतीशी पहिली गाठ पडते ती दुकानदाराची. अशा वेळी काय करावे आणि काय करू नये हे नवापूरने फार महाग किंमत मोजून शिकवले आहे. तो धडा फुकटात मिळत असेल तर घ्यायला काय हरकत आहे?

मानमोडी की आणखी काही?

अहवाल फेब्रुवारीच्या मध्यात आला, पण कोंबड्या त्याआधीपासून मरत होत्या. कोंबड्या मरणे हे पोल्ट्रीवाल्याला नवीन नसते. उन्हाळ्यात मरतूक असते, थंडीत असते, पाणी बदलले तरी असते. शिवाय आपल्याकडे राणीखेत हा जुनाच रोग आहे. खेड्यात त्याला ‘मानमोडी’ म्हणतात, कारण त्यात कोंबडी मान वाकडी करते. गंमत म्हणजे १९१८ साली माणसांत जी इन्फ्लुएंझाची भयंकर साथ आली तिलाही आपल्या जुन्या माणसांनी मानमोडी हेच नाव दिले होते. नवा रोग आला की माणूस त्याला ओळखीचे नाव देतो, म्हणजे भीती थोडी कमी होते.

नवापुरातही पहिल्यांदा हेच झाले. ही राणीखेतच आहे, लस कमी पडली असेल, हवा बदलली आहे, असे सर्वजण एकमेकांना सांगत राहिले. अहवाल आल्यावरही कुक्कुट उद्योगातील काही मोठी मंडळी हा राणीखेतच आहे असे ठामपणे म्हणत होती. दोन्ही रोगांत कोंबड्या झपाट्याने मरतात आणि नुसत्या डोळ्यांनी फरक करणे अवघड असते हे खरे आहे. पण नमुना प्रयोगशाळेत पाठवल्याशिवाय फरक कळत नाही, हेही तितकेच खरे आहे.

मग नमुना लवकर का जात नाही? मालकाच्या मनात अशा वेळी काय चालते, हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. शेडमध्ये दहा हजार पक्षी आहेत, खाद्यवाल्याची उधारी आहे, बँकेचा हप्ता आहे. बातमी फुटली तर उद्यापासून एकही टेम्पो दाराशी उभा राहणार नाही. शेजारचा गप्प आहे, मग आपणच का बोलावे? शेजारीही नेमका हाच विचार करत असतो. अशा रीतीने सगळे गप्प बसतात आणि विषाणू मात्र कोणाची परवानगी न घेता ट्रेवरून, टेम्पोच्या चाकांवरून, कामगाराच्या चपलेवरून पुढच्या शेडमध्ये जातो.

ही भीती अगदीच बिनबुडाचीही नव्हती. त्या काळात जगभरच्या बातम्याच तशा होत्या. १९९७ साली हाँगकाँगमध्ये हा विषाणू पहिल्यांदा माणसात आढळला होता. तेथे १८ जण आजारी पडले आणि त्यांतील ६ जण दगावले. त्या वर्षाच्या अखेरीस हाँगकाँग सरकारने काही दिवसांत शहरातील सुमारे १५ लाख कोंबड्या मारून टाकल्या. पुढे व्हिएतनाम, थायलंड, इंडोनेशिया येथे माणसे दगावली. जानेवारी २००६ मध्ये तुर्कस्तानातून मुलांच्या मृत्यूच्या बातम्या आल्या. त्यानंतर महिनाभरातच नवापूरचे नाव आले. लोक घाबरले यात नवल नव्हते.

पांढऱ्या पोशाखांतली माणसे

अहवाल येताच प्रशासनाने फार्मच्या सभोवती तीन किलोमीटरच्या परिघातील सर्व कोंबड्या मारण्याचा आणि दहा किलोमीटरपर्यंत लक्ष ठेवण्याचा निर्णय घेतला. डोक्यापासून पायापर्यंत पांढरे पोशाख, चष्मे, हातमोजे आणि मुखपट्ट्या घातलेली पथके शेडमध्ये शिरली. जेसीबीने खड्डे खणले गेले, पक्षी पुरले गेले, वर चुना टाकला गेला. सीमेपलीकडे गुजरातच्या उच्छल तालुक्यातही तीच कारवाई झाली. घरोघर जाऊन कोणाला ताप आहे का याची चौकशी सुरू झाली. टॅमीफ्लू या गोळीचे नाव तोवर कोणी ऐकले नव्हते. ते आता पानाच्या टपरीवरही ऐकू येऊ लागले.

ज्याने हा व्यवसाय हाताने उभा केला त्याच्या दृष्टीने ते दिवस कसे असतील याची कल्पना करावी. पहाटे पाचला उठून ज्या शेडचे दिवे लावायचे त्या शेडमध्ये एक आवाज नाही. मुखपट्टी बांधलेले पत्रकार दाराशी उभे. नातेवाईक फोनवर विचारतात, पण भेटीला येत नाहीत. गावाचे नाव सांगितले की समोरचा दोन पावले मागे सरतो.

या गावाने दुसऱ्याची भीती आधी पाहिली होती, हेही येथे सांगितले पाहिजे. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची बातमी पसरली तेव्हा लाखो लोक शहर सोडून पळाले. यंत्रमागावर काम करणारे हजारो खानदेशी कामगार नवापूरवरून जाणाऱ्या याच मार्गाने आपल्या गावी परतले. सुरतेच्या औषध दुकानांतून टेट्रासायक्लिन संपले, कापड बाजार आणि हिऱ्यांचे कारखाने ओस पडले, आखाती देशांनी भारताची विमाने थांबवली. मृतांची संख्या पन्नासच्या आसपास होती, पण पळणाऱ्यांची संख्या लाखांत होती. बारा वर्षांनी नवापूरची पाळी आली.

फरक एवढाच की नवापुरात एकाही माणसाला बर्ड फ्लू झाला नाही. ताप आलेल्यांचे नमुने पुण्याच्या आणि दिल्लीच्या प्रयोगशाळांत तपासले गेले, पण कोणालाही लागण झाल्याचे सिद्ध झाले नाही. तरीही बाजार मात्र माणसे मरत असावीत अशा रीतीने कोसळला.

भीती ताटात, धोका हातात

मुंबई, नाशिक, नागपूर, औरंगाबाद, हैदराबाद, कोणतेही शहर घ्या. नवापूरपासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या चिकनच्या दुकानांत गिऱ्हाईक येईनासे झाले. रेल्वेने गाड्यांतील जेवणातून चिकन काढून टाकले. बॉयलर कोंबडीचा घाऊक भाव उत्पादन खर्चाच्याही खाली गेला. लग्नाच्या जेवणावळीत बिर्याणी मटणाची झाली, नाहीतर चक्क वांग्या-बटाट्याची झाली.

वस्तुतः तज्ज्ञ पहिल्या दिवसापासून एक साधी गोष्ट सांगत होते. हा विषाणू ७० अंश सेल्सिअसला मरतो. आपल्याकडे कोंबडीचा रस्सा उकळतो, शिजतो आणि मगच ताटात येतो. अर्धे कच्चे अंडे किंवा मांस खाण्याची आपल्याकडे फारशी रीत नाही. म्हणजे जेवणाऱ्याला धोका नगण्य होता.

धोका कोणाला होता? आजारी पक्षी हातात धरणाऱ्याला, पिसे काढणाऱ्याला, शेड झाडणाऱ्याला, मेलेल्या कोंबड्या उचलून टाकणाऱ्याला. हाँगकाँगमध्येही लागण जिवंत कोंबड्यांच्या बाजाराशी निगडित होती. भारतात या रोगाने माणूस दगावल्याची पहिली नोंद जुलै २०२१ मध्ये झाली. हरियाणातील एक लहान मुलगा दिल्लीच्या एम्स रुग्णालयात मरण पावला. म्हणजे धोका काल्पनिक नाही. तो दुर्मीळ आहे, पण खरा आहे आणि तो कष्ट करणाऱ्या हातांजवळ आहे.

आता गंमत पाहा. जेवणाऱ्याच्या भीतीसाठी मोठमोठ्या शहरांत चिकन महोत्सव भरले. फुकट चिकन, फुकट अंडी वाटली गेली. पुढाऱ्यांनी आणि कलावंतांनी कॅमेऱ्यासमोर तंगडी खाल्ली. याने थोडाफार फायदा झालाही असेल. पण दुकानात दिवसाला शंभर कोंबड्या कापणाऱ्या आमच्या बांधवाला हातमोजे घाला, आजारी दिसणारा पक्षी घेऊ नका, कापण्याची जागा रोज धुऊन काढा, असे समजावून सांगायला किती जण आले? ज्याला धोका नव्हता त्याची समजूत काढण्यावर खर्च झाला. ज्याला धोका होता तो आपला नेहमीच्या लुंगीत, उघड्या हातांनी काम करत राहिला.

चाळीस रुपयांचा हिशेब

सरकारने नुकसानभरपाई जाहीर केली. मारलेल्या प्रत्येक लेअर कोंबडीमागे ४० रुपये आणि बॉयलरमागे ३० रुपये. नुसता आकडा ऐकला तर ठीक वाटतो. पण धंदा करणारा माणूस आकडा ऐकून थांबत नाही, तो हिशेब करतो.

लेअर कोंबडी अंड्यावर यायला साडेचार-पाच महिने लागतात. तोवर ती एकही अंडे देत नाही आणि सहा-सात किलो खाद्य खाते. त्याखेरीज पिलाची किंमत, लस, औषधे, वीज, मजुरी. ती अंड्यावर आली की पुढे वर्षभर त्या खर्चाची वसुली होते. नेमकी वसुली सुरू झाल्यावर कोंबडी मारली गेली आणि हातात ४० रुपये पडले, तर खर्चही निघत नाही, नफ्याची गोष्टच सोडा. दहा हजार पक्ष्यांच्या मालकाला चार लाख मिळाले असे समजा. शेड रिकामी आहे, पुन्हा पिल्ले भरायला काही महिने थांबायचे आहे आणि भरल्यावर पुन्हा पाच महिने अंडे नाही. मधल्या काळातील घरखर्च, कामगारांचा पगार आणि बँकेचे व्याज या चार लाखांतूनच.

याहूनही महत्त्वाची एक अट होती आणि तिच्यातच नवापूरचा खरा धडा आहे. भरपाई मिळते ती पथकाने मारलेल्या पक्ष्यांची. आधीच मेलेल्या पक्ष्यांचा एक पैसाही मिळत नाही. म्हणजे ज्याने मरतूक सुरू होताच कळवले, त्याचे दहापैकी नऊ हजार पक्षी पंचनाम्यात आले. ज्याने तीन आठवडे मानमोडी म्हणून वाट पाहिली, त्याचे कदाचित अर्धेच उरले. मौनाने नुकसान टळले नाही, उलट भरपाई बुडाली. शिवाय शेजाऱ्यांची शेडेही गेली.

यात दोष एकट्या मालकाचा नाही, हेही आम्ही स्पष्टपणे सांगतो. खरे बोलणाऱ्याचा दिवाळखोर होणार असेल तर खरे बोलणारे किती निघतील? ज्या सरकारला रोगाची खबर लवकर हवी असते, त्या सरकारने खबरीची किंमतही वाजवी द्यायला हवी. ही किंमत म्हणजे खैरात नव्हे. तीन किलोमीटरच्या आतील धडधाकट कोंबडी देशाच्या भल्यासाठी मारली जाते, तेव्हा तिचा मालक साऱ्या देशासाठी तोटा सोसत असतो.

कागद ज्याच्याकडे, मदत त्याच्याकडे

एप्रिल २००६ मध्ये रिझर्व्ह बँकेने पोल्ट्री उद्योगासाठी सवलती जाहीर केल्या. थकलेल्या हप्त्यांची फेररचना, परतफेडीला मुदत आणि व्याजात एकवेळची चार टक्क्यांची सूट असे त्यांचे स्वरूप होते. ज्यांचे बँकेत कर्जखाते होते त्यांना याचा आधार झाला.

पण हा धंदा केवळ शेडच्या मालकाचा नसतो. शेडमधून दुकानापर्यंत किती हात लागतात ते मोजा. पक्षी पकडून पेटीत भरणारी मुले, रात्री टेम्पो हाकणारा, जाळीचे पिंजरे वेल्डिंग करून देणारा कारागीर, सुरे-चाकू धार लावणारा, दुकानात कापणारा आणि साफ करणारा, रात्री कोळशावर तंदुरी भाजणारा गाडीवाला, अंडाभुर्जीवाला. मागच्या बाजूला मका आणि सोयाबीन पिकवणारा शेतकरी आहे, कारण शेड रिकामी झाली की मका घेणार कोण? यांपैकी कितीजणांचे बँकेत कर्जखाते होते? सावकाराच्या किंवा ओळखीच्या पेढीवाल्याच्या पैशावर चालणाऱ्या गाडीला रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकाचा उपयोग नव्हता. मदत कागदाच्या वाटेने येते. ज्याच्याकडे कागद नाही, त्याच्या दाराशी ती थांबत नाही.

मार्च महिन्यात जळगाव जिल्ह्यातील मारूळ, हातेड, साळवे, सावदा या गावांत रोग आढळला. येथे मोठी शेडे नव्हती. अंगणात दाणे टिपणाऱ्या पाच-दहा कोंबड्या होत्या. त्या बहुधा घरच्या बाईच्या असतात. अंडी विकून मीठ-मिरची येते, पाहुणा आला तर एक कोंबडी कापली जाते, अडीअडचणीला बाजारात नेता येते. बँक नसलेल्या घराची ती बचत असते. पथक येऊन ती घेऊन गेले, तेव्हा बाईच्या दृष्टीने तिचे पासबुकच खड्ड्यात गेले. काही ठिकाणी लोकांनी कोंबड्या लपवल्या, असे वाचून शहरातील मंडळी हसली. आम्हाला हसू आले नाही.

सर्व मिळून सुमारे दहा लाख पक्षी मारले गेले. ११ ऑगस्ट २००६ रोजी भारत बर्ड फ्लूमुक्त झाल्याचे जाहीर झाले. त्यानंतरच्या वर्षांत रोग देशाच्या अनेक भागांत पुन्हा पुन्हा आला.

कोंबडीवरून माणसावर

२००६ मध्ये संशय कोंबडीवर होता. २०२० मध्ये काय झाले ते वाचकांना आठवत असेलच. फेब्रुवारी-मार्चमध्ये कोरोना भारतात पाय ठेवत होता. कोंबडी खाल्ल्याने कोरोना होतो अशी अफवा मोबाइलवरून पसरली. त्या विषाणूचा कोंबडीशी काही संबंध नाही, असे अन्न सुरक्षेचे अधिकारी सांगत राहिले, पण भाव असे पडले की खाद्य घालणे परवडेना. कित्येक शेतकऱ्यांनी जिवंत पिल्ले खड्ड्यात पुरली. यावेळी रोग कोंबडीत नव्हताच. नुसत्या अफवेने ते काम केले.

मार्चच्या अखेरीस दिल्लीच्या निजामुद्दीन मरकजची बातमी आली आणि भीतीने आणखी एक वळण घेतले. कोंबडीवरचा संशय माणसावर आला. देशात ठिकठिकाणी भाजीवाल्याला, फळवाल्याला नाव विचारून गल्लीतून परत पाठवल्याचे प्रकार घडले. हातगाडीवर केळी विकणाऱ्याचा रोगाशी जेवढा संबंध, तेवढाच तो विकत घेणाऱ्याचा. पण घाबरलेल्या माणसाला कोणीतरी बोट दाखवायला हवा असतो. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलीगच्या परदेशी पाहुण्यांवरील गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केले गेले असे मत नोंदवले. न्याय मिळाला, पण तोवर हंगाम निघून गेला होता. निकालपत्र दाखवून एप्रिलमधली सडलेली फळे विकता येत नाहीत.

या दोन्ही प्रसंगांतून एक गोष्ट समान दिसते. साथीच्या पहिल्या आठवड्यात लोकांना माहिती कमी असते आणि भीती जास्त असते. ती मोकळी जागा जो आधी भरतो, त्याचेच चालते. तेथे खरी माहिती पोहोचली नाही तर अफवा पोहोचते. म्हणून मरतूक लपवणे हे केवळ रोग लपवणे नसते. आपण गप्प बसतो तेव्हा अफवेला जागा रिकामी करून देतो. नंतर तीच अफवा आपल्या दुकानावर येऊन बसते.

धंदेवाल्याने काय करावे?

आता कामाचे बोलू. पोल्ट्रीवाल्यांसाठी, चिकन दुकानदारांसाठी आणि अंड्याच्या व्यापाऱ्यांसाठी काही गोष्टी आम्ही येथे देत आहोत. यांतील बहुतेकांना खर्च कमी आणि शिस्त जास्त लागते.

पहिली गोष्ट, नोंदवही. रोज किती पक्षी, किती मेले, किती विकले, खाद्य किती, पिल्ले कोठून आली, हे रोजच्या रोज लिहावे. पंचनाम्याच्या वेळी तोंडी हिशेब चालत नाही. नोंद असेल तर भरपाई मागता येते आणि मरतूक नेहमीपेक्षा वाढली हेही दोन दिवस आधी कळते.

दुसरी, खबर. एका दिवसात नेहमीपेक्षा जास्त पक्षी मेले, तुरा निळा पडला, डोके सुजले, की पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याच दिवशी कळवावे. २००९ च्या केंद्रीय पशुरोग प्रतिबंध कायद्यानुसार हे मालकाचे कर्तव्यच आहे. पण कायद्याच्या भीतीने नव्हे, आपल्या फायद्यासाठी कळवावे. जिवंत पक्ष्याची भरपाई आहे, मेलेल्याची नाही.

तिसरी, मेलेला किंवा आजारी पक्षी स्वस्तात विकू नये आणि दुकानदाराने तो घेऊ नये. स्वस्त मिळालेला असा एक टेम्पो दहा वर्षांची गिऱ्हाइकी घालवतो. मेलेला पक्षी तर आपल्या दुकानात तसाही चालत नाही, हे वाचकांना वेगळे सांगायला नको.

चौथी, शेडच्या दाराशी चुन्याचे किंवा जंतुनाशकाचे पायधुणे ठेवावे. शेडमधले कपडे-चपला वेगळ्या असाव्यात. बाहेरचे ट्रे आणि पिंजरे धुतल्याशिवाय आत येऊ नयेत. जंगली पक्षी आणि बदके पाण्याच्या टाकीजवळ येणार नाहीत अशी जाळी लावावी.

पाचवी, दुकान. कापण्याचा ठोकळा, काटा आणि फरशी रोज जंतुनाशकाने धुवावी. हातमोजे आणि मुखपट्टी वापरावी. पिसे आणि आतडी उघड्या गटारात टाकू नयेत. आपला माल कोणत्या फार्मचा आहे याची पावती जवळ असावी आणि गिऱ्हाइकाने विचारले तर दाखवावी. घाबरलेल्या गिऱ्हाइकाशी वाद घालण्यापेक्षा त्याला पावती दाखवणे सोपे असते. कामावरच्या मुलाला ताप आला तर त्याचा रोज कापू नये. रोज कापला जाईल या भीतीने तो ताप लपवेल, आणि मग पुन्हा तेच नवापूर.

सहावी, कागद. बँकेत खाते, अन्न परवाना, संघटनेचे सभासदत्व, विमा असेल तर त्याच्या अटी नीट वाचलेल्या. संकटात मदत या वाटेनेच येते हे आपण पाहिले. आणि संघटना असेल तर पहिल्याच दिवशी संघटनेने एकमुखाने खरी माहिती द्यावी. दहा दुकानदारांनी दहा तऱ्हेचे बोलले तर गिऱ्हाईक अकरावेच ऐकते.

पुन्हा नवापूर

जानेवारी-फेब्रुवारी २०२१ मध्ये नवापुरात बर्ड फ्लू पुन्हा आला. पंधरा वर्षांनी पुन्हा तीच पथके, तेच खड्डे आणि पुन्हा काही लाख पक्षी. यावेळी भरपाईचे दर मोठ्या लेअर कोंबडीला ९० रुपये, मोठ्या बॉयलरला ७० रुपये, नष्ट केलेल्या अंड्याला ३ रुपये आणि खाद्याला किलोमागे १२ रुपये असे होते. २००६ मध्ये कोंबडीची भरपाई तेवढी ठरली होती. २०२१ मध्ये अंडी आणि खाद्यही हिशेबात आले, हे चांगलेच झाले. पण पंधरा वर्षांत खाद्य, मजुरी, वीज कोठून कोठे गेली हे पाहता ९० रुपयांतही कोंबडी उभी राहत नाही, ही पोल्ट्रीवाल्यांची तक्रार रास्त होती. दर बाजारभावाशी बांधलेला असावा आणि पैसे महिन्याभरात हातात पडावेत, ही मागणी संघटनांनी साथ नसतानाच लावून धरावी. खड्डे खणल्यावर मागणी करणारा माणूस गरजू दिसतो. शांततेच्या काळात मागणारा धंदेवाला दिसतो.

नवापूरच्या मालकांनी दोनदा सर्वस्व गमावून दोनदा शेडे भरली. गावाचे नाव पुन्हा अंड्यांसाठी घेतले जावे म्हणून त्यांना किती वर्षे राबावे लागले हे त्यांनाच ठाऊक. पुढचा रोग कोणता असेल आणि तो कोणत्या गावातून सुरू होईल हे कोणी सांगू शकत नाही. ते गाव आपलेही असू शकते. त्या दिवशी शेडमध्ये नेहमीपेक्षा जास्त कोंबड्या मेलेल्या दिसल्या, तर शेजारी काय करतो ते पाहत बसू नये. सकाळी दवाखाना उघडताच तेथे जाऊन सांगावे.